अपूर्णांकाचा मान

मनुष्याच्या व्यवहारांत मापावांचून विश्वास नाहीं. शेतकरी खळ्यावर भात मोजून घेतो, सोनार गुंजेनें सोनें तोलतो, आणि तराजूची दांडी समतोल झाल्याखेरीज चतुर गिऱ्हाईक वाण्याच्या शब्दावर पैसा टाकीत नाहीं. व्यवहारांत इतके सावध असणारे आपण विद्येच्या क्षेत्रांत मात्र फार भोळे होतों. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मूलद्रव्यांच्या अणुभारांचें एक कोष्टक असतें: हायड्रोजन १.००८, हेलियम ४.००३, कार्बन १२.०११, क्लोरीन ३५.४५, सोनें १९६.९७. विद्यार्थी तें पाठ करितो, परीक्षेंत लिहितो आणि गुण मिळवितो. परंतु ज्या अणूला जगांतील कोणत्याही तराजूच्या पारड्यांत घालतां येत नाहीं, त्याचें वजन कोणी केलें, कशानें केलें आणि कसें केलें, हा प्रश्न वर्गांत क्वचितच उठतो. ‘सोयीसाठीं १.००८ ऐवजीं १ घ्या,’ एवढी सूचना मात्र आवर्जून मिळते.

हिशेबाच्या सोयीसाठीं पूर्णांक घेण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती सोयीलाच सत्य मानण्यास. आमचें प्रतिपादन असें कीं, या कोष्टकांतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पूर्णांकांमागें उरलेला तो क्षुद्र दिसणारा अपूर्णांक होय. गेल्या दोन शतकांत पदार्थविज्ञानानें जें मोठें धन मिळविलें, त्यांतील पुष्कळसें या शिलकेंतूनच हातीं आलें आहे. ती शिल्लक टाकून द्यावयास शिकविणें आणि ती मोजली कशी गेली हें न सांगणें, म्हणजे विद्यार्थ्याच्या पदरांत कोंडा टाकून दाणा आपल्यापाशीं ठेवण्यासारखें आहे. हें म्हणणें कित्येकांस अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून त्याचा पुरावा क्रमानें पाहूं.

प्रथम अणूच्या लहानपणाची कल्पना यावी. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ मासे म्हणजे १ तोळा, हें सोनाराचें जुनें कोष्टक. या हिशेबानें एक गुंज सुमारें ०.१२ ग्रॅम भरते. एवढ्याशा सोन्यांत ३७ या आंकड्यापुढें १९ शून्यें मांडावीं इतके अणु असतात. आणि हायड्रोजनचा अणु तर सोन्याच्या अणूहूनही १९५ पटींनीं हलका. अशा वस्तूला पारड्यांत कोण घालणार?

परंतु वस्तु न उचलतांही तिचें वजन काढण्याची युक्ति आहे. समजा, नारळांचें एक पोतें आणि सुपाऱ्यांचें एक पोतें आपल्यासमोर आहे. प्रत्येकांत नग किती हें ठाऊक नाहीं, पण दोहोंत ते सारखेच आहेत एवढें निश्चित आहे. मग पोत्यांच्या वजनांचें जें प्रमाण, तेंच एका नारळाचें एका सुपारीशीं प्रमाण होय. इंग्लंडांतील जॉन डाल्टन नांवाच्या शिक्षकानें १८०३ सालीं अणूंच्या वजनांचें पहिलें कोष्टक मांडलें, तें हायड्रोजन १ धरून अशाच प्रमाणांवरून. त्याची युक्ति योग्य होती. पण नगांविषयींचा अंदाज चुकला. पाण्यांत हायड्रोजन व प्राणवायु यांचा एकेकच अणु असतो असें त्यानें धरलें. शिवाय त्याचें तोलणेंही फारसें बारीक नव्हतें. त्यामुळें १८०८ सालच्या त्याच्या ग्रंथांत प्राणवायूचा अणुभार १६ ऐवजीं ७ पडला. इटलींतील आव्होगाद्रो यानें १८११ सालीं सुचविलें कीं, सारख्या तपमानांत व सारख्या दाबांत कोणत्याही वायूच्या सारख्या घनफळांत रेणूंची संख्या सारखीच असते. समान नगांचीं पोतीं तीं हींच! पण जगानें या सूचनेकडे जवळजवळ पन्नास वर्षें लक्ष दिलें नाहीं. १८६० सालीं जर्मनींतील कार्ल्सरूह येथें रसायनज्ञांची परिषद भरली. तींत कानिझारो यानें ती पुन्हां पुढें आणली, तेव्हां कोठें अणुभारांचा गोंधळ मिटूं लागला.

आतां अपूर्णांकाकडे वळूं. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८१५ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, सर्व अणूंचीं वजनें हायड्रोजनच्या पूर्ण पटींत असलीं पाहिजेत, आणि म्हणून सर्व द्रव्य मूळ हायड्रोजनचेंच बनलेलें असावें. सिद्धान्त सुंदर होता. पण क्लोरीन ३५.५ च्या जवळ येऊन अडून बसला. अर्धा हायड्रोजन कोठून आणावा? सोय पाहणाऱ्यानें ३५ किंवा ३६ लिहून वेळ मारून नेली असती. बेल्जियमच्या स्टास यानें तसें केलें नाहीं. त्यानें अत्यंत काळजीनें पुनःपुन्हां तोलून दाखविलें कीं, हा अपूर्णांक तोलणाऱ्याच्या हातचा दोष नव्हे. तो खरा आहे. सुंदर सिद्धान्त बाजूला पडला आणि ओबडधोबड आंकडा टिकला. विद्येच्या दरबारांत न्याय असा होतो.

दुसरें उदाहरण हवेचें. लॉर्ड रॅली यानें १८९० नंतरच्या वर्षांत नत्रवायूचें वजन केलें. त्याच्या कांचेच्या गोलकांत हवेंतून काढलेला नत्रवायु २.३१०२ ग्रॅम भरे, आणि रासायनिक संयुगांतून काढलेला २.२९९० ग्रॅम. फरक सुमारें दोनशांत एक. सामान्य प्रयोगशाळेंत असा फरक ‘हातचुकी’ म्हणून सहज खपून जाईल. रॅलीनें तो खपूं दिला नाहीं. त्याचा माग काढीत रॅली व रॅम्से या दोघांनीं १८९४ सालीं आर्गॉन नांवाचा नवा वायु जगापुढें आणला. हवेचा जवळजवळ शंभरावा हिस्सा असलेला हा वायु मनुष्यजातीच्या श्वासांतून युगानुयुगें जात-येत होता. तो सांपडला मात्र दशांशचिन्हाच्या पलीकडे.

क्लोरीनच्या कोड्याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि तो उलगडा ज्या यंत्रानें केला, त्याचें तत्त्व आपल्या कोंकणांतील शेतकऱ्यास समजावून सांगणें मुळींच कठीण नाहीं. खळ्यावर भात उफणतांना आपण काय करतों? सूप उंच धरून धान्य वाऱ्यांत सोडतों. वारा सर्वांवर सारखाच वाहतो. पण हलका कोंडा दूर उडतो आणि भरलेला दाणा पायाशीं पडतो. केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन यानें १८९७ सालीं इलेक्ट्रॉनचा शोध लावल्यानंतर विद्युद्भारित अणूंचे झोत असेच वांकवून पाहिले. १९१३ च्या सुमारास निऑन वायूच्या झोतानें त्यास एकाऐवजीं दोन रेघा दाखविल्या. त्याचा सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यानें १९१९ सालीं या कामासाठीं स्वतंत्र यंत्र सिद्ध केलें. त्यास आज वस्तुमान-वर्णपटमापक म्हणतात. (वस्तुमान म्हणजे पदार्थांतील जडत्वाचें माप, बोलण्यांत आपण त्यालाच वजन म्हणतों.) यंत्रांत धान्याच्या जागीं विद्युद्भारित अणु, आणि वाऱ्याच्या जागीं विद्युत् व चुंबक यांचें बल. निर्वात पोकळींतून वेगानें धांवणाऱ्या अणूंचा मार्ग त्या बलानें वांकतो. हलका अणु अधिक वांकतो, जड कमी. फोटोच्या कांचेवर ते वेगवेगळ्या ठिकाणीं आपटतात, आणि त्या ठिकाणांवरून त्यांचें वस्तुमान काढतां येतें. जें पारड्यास साधलें नाहीं तें सुपास साधलें!

या सुपांत क्लोरीन पाखडला तेव्हां दिसलें कीं ३५.५ वजनाचा अणु जगांत कोठेंच नाहीं. ३५ वजनाचे तीन आणि ३७ वजनाचा एक, अशा सुमाराच्या प्रमाणांत दोन प्रकारचे अणु निसर्गांत मिसळलेले आहेत; कोष्टकांतील आंकडा ही त्यांची सरासरी. गुण एकच, वजन निराळें, अशा या भावंडांना समस्थानिकें म्हणतात. अ‍ॅस्टन यास या कामगिरीसाठीं १९२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्राउटचा पूर्णांक असा शंभर वर्षांनीं परत आला. पण स्टासनें अपूर्णांक सांभाळून ठेविला नसता, तर तो कोणत्या वाटेनें परत आला असता?

आणि तरीही एक शिल्लक उरलीच. प्राणवायु १६ धरला असतां बाकीचे अणु पूर्णांकांच्या अगदीं जवळ येत. हायड्रोजन मात्र १.००८ वर अडून राहिला. हेंच तें .००८, जें आपण वर्गांत पुसून टाकतों. हायड्रोजनचे चार अणु एकत्र तोलले तर ४.०३ च्या वर भरतात. त्या चारांपासून घडणारा हेलियमचा एक अणु भरतो ४.००३. मग मधलें वस्तुमान गेलें कोठें? वस्तुमान आणि ऊर्जा हीं एकाच द्रव्याचीं दोन रूपें आहेत, हें आइन्स्टाइन यानें १९०५ सालीं दाखविलें होतें. आर्थर एडिंग्टन यानें १९२० सालीं हे दोन धागे जुळवून सांगितलें कीं, सूर्याचें तेज या तुटींतून निघत असावें. पुढें तें खरें ठरलें. हायड्रोजनपासून हेलियम होतांना शंभरांतील सुमारें ०.७ भाग वस्तुमान ऊर्जारूप होतें. अशा रीतीनें सूर्य दर सेकंदास सुमारें ४० लक्ष टन वस्तुमान प्रकाशरूपानें उधळीत आहे. आपल्या शेतावर पडणारें ऊन, त्यांत पिकणारें भात आणि तें खाणारे आपण, हे सर्व त्या .००८ चे ऋणी आहोंत. ज्या आंकड्यावर जग जगतें तो ‘सोयीसाठीं’ सोडून द्यावा काय?

कोणी म्हणेल, हें सर्व विलायतेंतलें; आमच्या खेड्यांतील मुलांस त्याचें काय? पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर, नागोठणें आणि रोहा यांच्या मध्यें, निडी हें लहानसें स्थानक आहे. टापू भातशेतीचा. तेथील मुलास अणूचें वस्तुमान ही दूरची गोष्ट वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु खरी स्थिति उलट आहे. रायगड जिल्ह्याइतका या विषयाचा शेजार महाराष्ट्रांत फार थोड्या जिल्ह्यांस लाभला असेल.

निडीच्या शेजारचें स्थानक नागोठणें. तेथील पेट्रोरसायनांच्या कारखान्यांत ईथेन व प्रोपेन या वायूंस तीव्र उष्णता देऊन एथिलीन काढतात, आणि एथिलीनपासून पॉलिथीन हें प्लॅस्टिक होतें. एथिलीनच्या रेणूचें वस्तुमान पूर्णांकांत सांगावयाचें तर २८. हवेंतील नत्रवायूच्या रेणूचेंही २८. विषारी कार्बन मोनॉक्साइडचेंही २८. ‘सोयीचा’ हिशेब करणाऱ्यास जीवनोपयोगी वायु, निरुपद्रवी वायु आणि प्राणघातक वायु हे तिन्ही एकच! पण अचूक मापूं गेल्यास एथिलीन २८.०३१३ भरतो, नत्रवायु २८.००६१ आणि कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९. सूक्ष्म वस्तुमान-वर्णपटमापकास हे तिघे तीन निरनिराळ्या ठिकाणीं पडलेले दिसतात. आधुनिक रसायनविद्येंत मिश्रणांतील घटक ओळखण्याचें हें एक मुख्य साधन झालें आहे. औषधांतील अशुद्धता असो, अन्नांतील विषारी अंश असो, त्यांचा निवाडा पुष्कळदां या दशांशांवरच होतो.

त्याच जिल्ह्यांत, अलिबागजवळ समुद्रकांठीं थळ हें गांव आहे. तेथें खताच्या कारखान्याला जोडून जड पाण्याचा कारखाना उभा राहिला व १९८७ सालीं सुरू झाला. जड पाणी म्हणजे काय? हायड्रोजनचेंही एक जड भावंड आहे, ड्यूटेरियम. त्याचें वस्तुमान साध्या हायड्रोजनच्या जवळजवळ दुप्पट. साध्या पाण्याचा रेणु १८ भरतो, जड पाण्याचा २०. म्हणून एक तांब्या जड पाणी एक तांब्या साध्या पाण्याहून शंभरांत सुमारें ११ भाग जड लागेल. निसर्गांतील सुमारें साडेसहा हजार हायड्रोजन-अणूंत एक अणु या जातीचा असतो. अमोनिया बनविण्यासाठीं खतकारखान्यांत जो हायड्रोजन लागतो, त्यांतील हे विरळ जड अणु द्रवरूप अमोनियाच्या साहाय्यानें वेंचून वेंचून गोळा करणें, हें थळच्या कारखान्याचें काम. या पाण्याचा उपयोग अणुभट्टींत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठीं होतो; आपल्या राज्यांतील तारापूर येथील ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्या जड पाण्यावरच चालणाऱ्या आहेत. आपल्या घरांत लागणारा दिवा कोणत्या भट्टींतून आला हें कोणास सांगतां येणार नाहीं; पण १८ आणि २० यांतील भेद ज्यांनीं मोजला, त्यांचा त्या दिव्यांत वांटा असूं शकतो, एवढें खरें.

या जड हायड्रोजनच्या शोधाची हकीगत मोठी बोधप्रद आहे. अ‍ॅस्टननें आपल्या यंत्रानें काढलेलें हायड्रोजनचें वस्तुमान आणि रसायनज्ञांनीं तोलून काढलेला अणुभार यांत १९३१ सालीं अत्यंत बारीक विसंगति दिसली. त्यावरून बर्ज व मेंझेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तर्क केला कीं हायड्रोजनांत एखादें जड भावंड मिसळलेलें असावें. हॅरॉल्ड यूरी यानें तें शोधून काढलें व १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. मौज अशी कीं, पुढें अ‍ॅस्टनचा आंकडा सुधारला गेला तेव्हां ती मूळ विसंगतिच नाहींशी झाली! ड्यूटेरियम खरा निघाला, पण ज्या खुणेनें त्याकडे वाट दाखविली ती खूण खोटी होती. म्हणून आमचा पक्ष आंधळेपणानें अपूर्णांकास देव मानण्याचा नव्हे. प्रत्येक शिल्लक रत्नच असते असें नाहीं. कित्येकदां ती यंत्रांतील धूळही असते. रत्न कोणतें आणि धूळ कोणती हें ठरविण्याचा एकच मार्ग आहे: पुन्हां मोजावें, दुसऱ्या रीतीनें मोजावें, आणि आपल्या मापांत चूक किती असूं शकेल हें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें.

अणूच्या आंतील कणांकडे वळलें कीं हा प्रामाणिकपणा अधिकच लागतो. अमेरिकेंत मिलिकन यानें तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरील विद्युद्भार मोजून इलेक्ट्रॉनचा भार काढला. भार आणि वस्तुमान यांचें प्रमाण टॉमसननें काढलेलें होतेंच, म्हणून वस्तुमानही हातीं आलें. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे. न्यूट्रॉनवर तर भारच नाहीं. त्यास विद्युत् वांकवीत नाहीं, चुंबक वळवीत नाहीं. त्यास तोलावें कसें? चॅडविक व गोल्डहॅबर यांनीं १९३४ सालीं ड्यूटेरियमचें अणुकेंद्र किरणांनीं फोडलें, त्यास किती ऊर्जा लागली हें मोजलें, आणि जमाखर्च मांडून न्यूट्रॉनचें वस्तुमान काढलें. तो प्रोटॉनहून हजारांत सुमारें १.४ भाग जड आहे. हीही शिल्लक लहानच. पण पारडें उलट झुकलें असतें तर हायड्रोजनचा अणु टिकला नसता, आणि पाणीही नसतें.

या कणांच्या इतिहासांत आपल्या देशाचा वांटा आहे, तो विद्यार्थ्यांस ठाऊक असावा. आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांत १९३६ सालीं एक नवा कण आढळला. त्याचें वस्तुमान इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या मधलें. त्यास ‘मेसोट्रॉन’ असें नांव सुचविण्यांत आलें होतें. मुंबईंत जन्मलेले होमी भाभा यांनीं १९३९ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, ‘मेसो’ या ग्रीक शब्दांत ‘ट्र’ चें कांहीं कारण नाहीं; नांव ‘मेसॉन’ असावें. ग्रीक ‘मेसॉस’ आणि आपला ‘मध्य’ हे एकाच कुळांतले शब्द. वस्तुमानावरून पडलेलें हें नांव एका मुंबईकरानें शुद्ध करून दिलें आणि तें टिकलें. पुढें मूळ कणास निराळी जात मिळून तो ‘म्युऑन’ झाला, आणि मेसॉन हें नांव दुसऱ्या एका मोठ्या कुटुंबाकडे गेलें.

त्याच काळांत कलकत्त्याच्या बोस संस्थेंत देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी हे दोघे अशा कणांचें वस्तुमान मोजण्याच्या खटपटींत होते. त्यांचें साधन काय? फोटोच्या कांचा. दार्जिलिंग, संदकफू आणि तिबेटांतील फारी जोंग अशा उंच ठिकाणीं त्यांनीं त्या कांचा ठेविल्या. विश्वकिरणांतील कण त्यांतून जातांना मागें बारीक काळ्या कणिकांची माळ सोडीत. माळेंतील कणिकांचें अंतर आणि मार्गाचें वांकणें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून त्यांनीं कणाचें वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारें दोनशेंपट काढलें. रीत नवी होती आणि योग्य होती. परंतु युद्धाच्या दिवसांत उत्तम प्रतीच्या कांचा त्यांस मिळाल्या नाहींत, आणि त्यामुळें मापांतील अनिश्चितता कमी करतां आली नाहीं. इंग्लंडांत सेसिल पॉवेल व त्यांचे सहकारी यांनीं त्याच रीतीनें, सुधारलेल्या कांचांवर, १९४७ सालीं दाखविलें कीं कण दोन प्रकारचे आहेत: एक सुमारें २०७ पट आणि दुसरा सुमारें २७३ पट. पॉवेल यांस १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं आपल्या ग्रंथांत बोस व चौधुरी यांच्या पूर्वीच्या कामाचा निर्देश केला, हें त्यांच्या थोरपणास साजेसें झालें. चौधुरी १९४९ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आल्या व १९५७ पर्यंत तेथें होत्या. त्या संस्थेंतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक. १९९१ सालीं त्या वारल्या, तेव्हां त्यांचें नांव जाणणारे फार थोडे होते.

या कथेचा अर्थ काय घ्यावा? कित्येक जण म्हणतील कीं साधनें नसलीं तरी बुद्धि असली म्हणजे पुरे. आम्हांस हा अर्थ अर्धाच पटतो. साधनें अल्प असतांही विचार करतां येतो, हें त्या दोघांनीं सिद्ध केलें. पण साधनें अल्प असल्यामुळें २०७ आणि २७३ यांतील भेद हातचा निसटला, हेंही तितकेंच खरें. म्हणून दोन गोष्टी एकदम बोलल्या पाहिजेत. विद्यार्थ्यानें साधनांच्या अभावाची सबब सांगूं नये. आणि समाजानें त्या अभावाचें कौतुक करूं नये. ज्या शाळेंत पुरस्कारांच्या ढालींसाठीं कपाट आहे पण बारीक तराजूसाठीं मेज नाहीं, त्या शाळेनें आपला जमाखर्च एकदां तपासावा.

आतां आक्षेपाचें उत्तर. शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा, आणि परीक्षेंत ‘कसें मोजलें’ हें विचारीत नाहींत. अडचण खरी आहे. परंतु ज्याला फार वेळ लागत नाहीं असेंही पुष्कळ करतां येईल. १०० भाताचे दाणे एकत्र तोलून एका दाण्याचें वजन काढावें. मग दुसरे १०० तोलावे आणि दोन उत्तरांत फरक कां पडला हें विचारावें. बंद पुड्यांत सारख्या वजनाचे खिळे, प्रत्येकींत निरनिराळ्या संख्येनें, घालून द्यावे. पुड्या २१, ३५, २८, ४९ ग्रॅम भरल्या तर खिळा किती वजनाचा असावा, हें मुलांनीं पुडी न सोडतां सांगावें. ७ ग्रॅम हें उत्तर ज्यानें स्वतः काढलें, त्यास मिलिकनचा थेंब समजावून सांगण्यास पांच मिनिटें पुरतील. सुपाचा आणि अ‍ॅस्टनच्या यंत्राचा संबंध तर खळ्यावरच दाखवितां येईल. शेवटीं, प्रत्येक प्रयोगवहींत उत्तराशेजारीं ‘यांत चूक इतकी असूं शकेल’ असें लिहिण्याची संवय लावावी. पुस्तकांतील उत्तराशीं आपलें उत्तर जुळावें म्हणून आंकडे फिरविणाऱ्या मुलापेक्षां, न जुळणारें उत्तर जसेंच्या तसें लिहिणारा मुलगा विज्ञानाच्या अधिक जवळ आहे. त्यास अधिक गुण मिळाले पाहिजेत.

ज्या कोष्टकास आपण अढळ समजतों, तेंही अढळ नाहीं. १९६१ सालीं अणुभारांचा पाया बदलून कार्बनच्या १२ वजनाच्या अणूवर आणला गेला. आज हायड्रोजनचा प्रमाणित अणुभार एका आंकड्यानें सांगत नाहींत, तो १.००७८४ आणि १.००८११ यांच्या दरम्यान असतो असें सांगतात, कारण निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्यांत जड भावंडाचें प्रमाण थोडें निराळें असतें. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम हें मापही पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेलें नाहीं. तें निसर्गाच्या एका स्थिरांकाशीं बांधलें आहे. आणि न्यूट्रिनो या कणाचें वस्तुमान तर अद्याप कोणास नेमकें मोजतां आलेलें नाहीं. तें इलेक्ट्रॉनच्या दहा लक्षाव्या भागाहूनही कमी आहे, एवढीच वरची मर्यादा जर्मनींतील एका मोठ्या प्रयोगानें आंखून दिली आहे. हा प्रयोगही कार्ल्सरूह येथेंच चालला, जेथें १८६० सालीं अणुभारांचा गोंधळ मिटविण्यासाठीं रसायनज्ञ जमले होते. मोजणी संपलेली नाहीं.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां नागोठण्याच्या कारखान्यांत, कोणी थळास, कोणी मुंबईच्या प्रयोगशाळेंत कामास लागेल. कोणी आपलें शेतही करील. कोठेंही गेलां तरी तुम्हांस कोणीतरी आंकडा सांगेल आणि तो मानावयास सांगेल. तेव्हां दोन प्रश्न विचारण्यास लाजूं नका: हा मोजला कसा? आणि मोजून झाल्यावर उरलें काय? ज्यास हे दोन प्रश्न विचारतां येतात, त्याचें शिक्षण झालें असें आम्ही म्हणूं. मग त्यास अणुभारांचें कोष्टक पाठ असो वा नसो.